कोय आणि कलम

ज्येष्ठांत पहिला पाऊस पडून जमीन भिजली, कीं घरोघरच्या परसांत कोयी रुजूं लागतात आणि त्यांबरोबर एक जुना प्रश्नहि पुन्हां अंकुरतो. उत्तम हापूसची कोय आपल्या हातानें लावली, आठ-दहा वर्षें तिला पाणी घातलें, गुरांपासून राखली, आणि अखेर पहिला आंबा हातीं आला तों तो आंबट आणि रेषाळ! असें कां व्हावें? घरांतील कोणी मातीला बोल लावतात. कोणी म्हणतात, ज्यानें आंबे दिले त्यानेंच फसविलें. आणि ज्या आजोबांनीं नातवासाठीं म्हणून ती कोय पुरली ते मुकाट्यानें फोड बाजूस ठेवतात. आमच्या मतें यांत मातीचा दोष नाहीं, आंबे देणाऱ्याचा नाहीं, आणि कोयीचा तर मुळींच नाहीं. कोयीनें आपलें काम चोख बजाविलेलें असतें. हापूस पुन्हां निर्माण करणें हें तिचें कामच नव्हे.

ही गोष्ट नीट उमजावयाची तर आंब्याच्या मोहोरांत, आणि मोहोरांतूनहि फुलाच्या पेशींत शिरलें पाहिजे. असा विषय निघाला म्हणजे मुलांना कांहीं तरी काम सांगून बाहेर धाडण्याची चाल अद्यापि पुष्कळ घरांत आहे. आम्ही म्हणतों, मुलांनीं हें प्रकरण प्रथम झाडापाशींच शिकावें. तेथें तें इतक्या स्वच्छपणें मांडलेलें आहे कीं कोणास संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

आंब्याच्या एका तुऱ्यावर शेंकडों, कधीं हजारांवर फुलें असतात. त्यांतील बहुतेक केवळ नरफुलें. थोड्यांत मात्र नर आणि मादी हीं दोन्ही अंगें नांदतात. अशा उभयलिंगी फुलाच्या मध्यभागीं एक हिरवट अंडाशय असतो व त्याच्या पोटांत एकच बीजांड. शेजारीं सामान्यतः एकच धड पुंकेसर. त्याच्या टोंकाच्या जांभळट पिशवींत पराग. माश्या व इतर बारीक कीटक एका झाडावरून दुसऱ्यावर हिंडतांना हा पराग नेतात. हजार फुलांतून चार-दोन फळें पक्व झालीं तरी झाड आपलें भाग्य समजतें.

आतां त्या परागाची घडण पाहूं. आंब्याच्या मुळांत, पानांत, सालींत, जेथें जेथें जिवंत पेशी आहे तेथें तिच्या केंद्रकांत ४० गुणसूत्रें असतात. गुणसूत्र म्हणजे सूक्ष्म धागा. झाडाच्या रूपरसगंधाचा सारा दस्तऐवज त्यावर लिहिलेला असतो. हे ४० धागे म्हणजे २० जोड्या होत. प्रत्येक जोडींतील एक धागा त्या झाडाला मातेकडून मिळालेला, एक पित्याकडून. पराग बनविणारी पेशी मात्र नेहमींसारखी दुभंगत नाहीं. ती वाटणी करते. समजा, घरांत वीस जोड भांडीं आहेत आणि प्रत्येक वारसास प्रत्येक जोडांतील एक भांडें द्यावयाचें आहे. कोणतें द्यावयाचें तें चिठ्ठ्या टाकून ठरवितात. याच रीतीनें परागाच्या वाट्याला ४० च्या जागीं २० धागे येतात. मातेकडचे किती आणि पित्याकडचे किती, याचा कांहीं नेम नाहीं. नुसत्या या चिठ्ठ्यांनींच १०,४८,५७६ निरनिराळ्या वाटण्या होऊं शकतात. त्यांतहि वाटणीपूर्वीं जोडींतील दोन धागे एकमेकांशीं बिलगून आपले तुकडे अदलाबदल करतात. जणूं या तांब्याचें झांकण त्या तांब्यावर गेलें. म्हणून एका झाडाचे दोन परागकण सहसा सारखे निघत नाहींत.

बीजांडांतहि अशीच वाटणी होते. तेथें एका पेशीच्या चार होतात, त्यांतील तीन सुकून जातात आणि राहिलेल्या एकीपासून भ्रूणकोश तयार होतो. बहुतेक सपुष्प वनस्पतींत या कोशांत सात पेशी असतात. त्यांपैकीं तिघींचीं नांवें लक्षांत ठेवावीं. दाराशीं अंडपेशी बसलेली असते. तिच्या दोन बाजूंस दोन साहाय्यक पेशी. आणि मध्यें एक मोठी मध्यपेशी, जिच्यांत दोन केंद्रकें एकत्र राहतात.

परागकण फुलाच्या कुक्षीवर पडला म्हणजे ओलावा शोषून फुगतो आणि त्याच्यांतून एक नळी बाहेर पडते. ही नळी मादीच्या अंगांतून वाट काढीत बीजांडापर्यंत जाते व आपल्याबरोबर दोन नरपेशी नेते. हा प्रवास पाहावयाचा असेल तर मक्याच्या कणसाकडे पाहावें. कणसाच्या टोंकाशीं जे रेशमी केस लोंबतात, त्यांतील एकेक केस एकेका दाण्याकडे जाणारा मार्ग असतो, आणि परागाची नळी त्यांतून वीतभर अंतर साधारण एका दिवसांत तोडते. सोलतांना कणसांत मधलाच एखादा दाणा गळालेला दिसला, तर त्याच्या केसावर बहुधा पराग पोंचला नव्हता असें समजावें. नळीला अंधारांत वाट कशी सांपडते हें कोडें दीर्घकाळ होतें. जपानांतील हिगाशियामा व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं टोरेनिया या बागेंतील शोभेच्या झाडावर प्रयोग करून दाखविलें कीं, त्या साहाय्यक पेशीच कांहीं बारीक प्रथिनें स्रवतात आणि नळी त्यांच्या मागानें येते. दाराशीं दोन दिवे लावून ठेवावे तसें हें आहे.

पुढें जें घडतें तें सपुष्प वनस्पतींचें खास वैशिष्ट्य होय. नळी एका साहाय्यक पेशींत शिरून फुटते. दोन नरपेशींपैकीं एक अंडपेशीशीं एकरूप होते. वीस आणि वीस मिळून पुन्हां ४० होतात आणि गर्भ धरतो. दुसरी नरपेशी वायां जात नाहीं. ती मध्यपेशीकडे जाते आणि तेथील दोन केंद्रकांशीं मिळून तिहेरी केंद्रक बनतें. त्यापासून गर्भाचें अन्न तयार होतें. कीव्ह येथील नवाशिन यांनीं १८९८ सालीं लिली व फ्रिटिलारिया या फुलांत हें दुहेरी फलन प्रथम दाखविलें. लगेच पुढच्या वर्षीं फ्रान्सांत गिन्यार यांनींहि तेंच पाहिलें. गहूं, तांदूळ, ज्वारी यांच्या दाण्याचा जो पिठाळ भाग आपण खातों तो या दुसऱ्या मीलनाचें फळ होय. मनुष्यजात जगते आहे ती मुख्यतः या दुसऱ्या नरपेशीच्या जिवावर, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

याचा सर्वांत सुंदर दाखला देवघरांतच मिळतो. नारळांत हें तिहेरी केंद्रक वारंवार दुभंगत जातें, पण पेशींच्या भिंती बांधीत नाहीं. असंख्य केंद्रकें तशींच द्रवांत तरंगत राहतात. तें शहाळ्याचें पाणी. मग करवंटीच्या आंतल्या बाजूनें भिंती उठूं लागतात, तेव्हां मऊ मलई धरते. तीच पुढें घट्ट होऊन खोबरें बनतें. नारळाच्या देहपेशींत ३२ गुणसूत्रें, तर खोबऱ्याच्या पेशींत ४८. खरा गर्भ म्हणजे मऊ डोळ्याखालीं खोबऱ्यांत रुतलेला बारीकसा पांढरा खुंटा. खोबरें वाटतांना गृहिणींच्या तो पुष्कळदां नजरेस पडला असेल. पण नारळाचा सारा संसार त्या खुंट्यासाठीं आहे, हें क्वचितच कोणाच्या मनांत आलें असेल.

आंब्याचा गर्भ अधिक उतावीळ. तो आपलें हें अन्न वाढतां वाढतांच संपवितो आणि आपल्या दोन जाड दळांत सांठवून घेतो. कोयीच्या आंत जी दुभंगलेली बाठ निघते ती हीं दळें होत. आतां आजोबांच्या प्रश्नाची मेख येथें आहे. आंब्याची साल, गर आणि कोयीचें कठीण कवच हीं सर्व अंडाशयाच्या भिंतीपासून, म्हणजे केवळ मातेच्या देहापासून बनतात. पराग कोठल्याहि झाडाचा असो, हापूसच्या झाडावरचा आंबा हापूसच असणार. पण त्याच्या पोटांतील बाठ दोघांची. आपण चाखली ती आई. पेरलें तें अपत्य. आणि त्या अपत्याचा पिता शेजाऱ्याच्या बांधावरचा एखादा आंबट रायवळ असूं शकतो. दोन्ही बाजूंच्या वाटण्या जमेस धरल्या तर एका जोडप्याची संतति सुमारें १ लाख १० हजार कोटी प्रकारांची होऊं शकते. त्यांत नेमका हापूस पुन्हां जुळून येण्याची आशा धरणें म्हणजे आकाशांतील एक तारा डोळे मिटून उचलण्यासारखें आहे.

जातां जातां एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बीज थोर कीं क्षेत्र थोर, हा वाद आमच्या धर्मशास्त्रकारांनीं मोठ्या हिरीरीनें घातला आहे, आणि बीज पित्याचें, माता केवळ भूमि, ही समजूत आमच्या घरांतून अजून गेलेली नाहीं. पेशीचा निवाडा निराळा आहे. वीस धागे पित्याचे तर वीस मातेचे. शिवाय अंडपेशीचा सारा जीवरस, आणि बहुतेक सपुष्प वनस्पतींत पानाला हिरवेपणा देणारे कणहि, केवळ मातेकडून येतात. मुलगी झाली म्हणून सुनेस टोचून बोलणाऱ्या घरांनीं निदान आंब्याच्या झाडाखालीं तरी थोडा वेळ बसावें.

मग हापूस टिकला कसा? तो कलमानें टिकला. झाडाची नेहमींची वाढ ज्या पेशींनीं होते त्या वाटणी करीत नाहींत, नक्कल करतात. दुभंगण्यापूर्वीं पेशी आपल्या चाळीसहि धाग्यांची हुबेहूब प्रत काढते आणि दोन्ही लेकींना पूर्ण संच देते. कोंकणांत पूर्वापार चालत आलेल्या भेट कलमांत हेंच साधतात. रायवळच्या रोपाचा खुंट आणि हापूसची जिवंत फांदी दोघांची साल थोडी तासून एकमेकांस बांधतात. साल आणि लाकूड यांच्यामध्यें सदैव वाढणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. दोघांचे हे थर भिडले म्हणजे जखमेवर नव्या पेशी भरून येतात, रसाच्या वाहिन्या जुळतात आणि दोन झाडें एक संसार करूं लागतात. गुणसूत्रांची मात्र तेथें सरमिसळ होत नाहीं. खुंटाची पेशी खुंटाचीच राहते, हापूसची हापूसचीच. म्हणूनच कलमाच्या जोडाखालून फुटलेला धुमारा वेळींच काढावा लागतो, नाहीं तर रायवळ वर चढून बसतो.

याचा अर्थ मोठा चमत्कारिक आहे. देवगडचा हापूस, रत्नागिरीचा हापूस, अलीबागेस एखाद्याच्या अंगणांतला हापूस हीं वेगवेगळीं झाडें नव्हेत. केव्हां तरी एका कोयीतून उगवलेल्या एकाच वृक्षाचा तो पसरलेला देह आहे. एखाद्या फांदीच्या पेशींत क्वचित् लहानसा फेरफार होतो तेवढाच काय तो भेद. उत्तरेकडील दशहरी व लंगडा या जाती स्वतःच्या परागानें सहसा फळ धरीत नाहींत. आणि त्या जातीच्या दुसऱ्या कलमाचा पराग आणला तरी उपयोग होत नाहीं, कारण तो स्वतःचाच असतो! म्हणून अशा बागेंत निराळ्या जातीचीं चार झाडें लावावीं लागतात.

कोय आणि कलम यांच्या मधली एक तिसरी वाट निसर्गानें काढून ठेविली आहे. लेव्हेनहूक यांना १७१९ सालीं संत्र्याच्या एकाच बीत दोन गर्भ आढळले होते. ते कोठून आले हें जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनीं १८७८ च्या सुमारास उलगडलें. संत्र्यांत भ्रूणकोशाभोंवतालच्या मातेच्या कांहीं पेशी आपण होऊन गर्भाचें रूप घेतात आणि खऱ्या गर्भाशेजारीं घुसून वाढतात. हे गर्भ बीत राहतात, बीसारखे रुजतात, पण त्यांना पिता नाहीं. ते मातेची प्रत असतात. आमच्याकडे संत्र्याचे डोळे ज्या जंबेरीच्या खुंटावर बांधतात तिचीं बियांपासून केलेलीं रोपें एकसारखीं निघतात तीं याच कारणानें. आंब्यांतहि हा प्रकार आहे. केरळच्या किनाऱ्यावरील कित्येक जाती आणि आग्नेय आशियांतील आंबे असे बहुगर्भी आहेत. त्यांची कोय पेरली तर दोन-चार कोंब फुटतात व त्यांतील बहुतेक मातेसारखीं फळें देतात. आमचा हापूस व पायरी एकगर्भी, आणि म्हणून लहरी. कोयीतून किती कोंब आले हें मुलांनीं या पावसाळ्यांत मोजून पाहावें.

हळदीचें व आल्याचें कांडें आणि पानफुटीच्या पानाच्या कडेला उगवणारीं पिलें हीं सर्व याच नकलेचीं रूपें. त्यांचा विस्तार येथें नको. २०१९ सालीं मात्र एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्नियांत वेंकटेशन सुंदरेशन यांच्या प्रयोगशाळेंत भाताच्या झाडाकडून वाटणी टाळून नक्कल करणारी बी तयार करून घेण्यांत आली. संकरित बियाणें शेतकऱ्याला दरसाल विकत घ्यावें लागतें, कारण त्या पिकाची बी पुढील वर्षीं विस्कटते. ती तशीच उतरूं लागली तर या खर्चांतून त्याची सुटका होईल.

परंतु नकलेंतहि धोका आहे, आणि तो केळीनें जगाला दाखविला आहे. बाजारांतील बहुतेक केळींच्या पेशींत ३३ गुणसूत्रें असतात, म्हणजे अकरांचे तीन संच. तिघांची दोघांत सारखी वाटणी कशी व्हावी? त्यामुळें पराग व अंडपेशी धड बनत नाहींत, बी धरत नाहीं आणि आपल्याला बिनबियांचें केळें मिळतें. केळ वाढते ती केवळ मुनव्यांनीं किंवा प्रयोगशाळेंतील रोपांनीं. (या रोपांच्या विद्येंतहि नारळाचा हात आहे. १९४१ सालीं धोत्र्याचे कोंवळे गर्भ आणि पुढें स्ट्यूअर्ड यांच्या १९५८ च्या प्रयोगांत गाजराच्या सुट्या पेशी काचपात्रांत वाढविल्या त्या नारळाच्या पाण्यावर.) एके काळीं परदेशच्या व्यापारांत ग्रो मिशेल नांवाच्या केळ्याचें राज्य होतें. जमिनींतील एका बुरशीनें, जिला पनामा रोग म्हणतात, १९६० च्या सुमारास तें संपविलें. कारण लक्षावधि झाडें म्हणजे एकच देह, आणि जें विष एकास बाधलें तें सर्वांस बाधलें. तिच्या जागीं आलेल्या कॅव्हेंडिश जातीला त्याच बुरशीच्या नव्या प्रकारानें आतां गांठलें आहे, आणि भारतांत बिहार व उत्तर प्रदेश येथें तो पोंचलेला आहे. जळगांवाकडे आज जी केळ दिसते तीहि मुख्यतः याच कॅव्हेंडिश कुळांतली, हें ध्यानांत ठेवावें.

म्हणूनच आजोबांच्या त्या आंबट झाडाविषयीं आमचें मत सामान्य मताहून निराळें आहे. हापूसवर घाव पडला तर औषध शोधावयाचें कोठें? रायवळांतच. प्रत्येक रायवळ ही एक स्वतंत्र वाटणी आहे. तसें झाड पूर्वीं झालें नव्हतें आणि पुन्हां होणार नाहीं. हापूसच्या गरांत पांढरा साका होतो, ही कोंकणच्या बागायतदारांची जुनी डोकेदुखी. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रांत नीलम आणि हापूस यांच्या मीलनांतून रत्ना ही जात १९८१ सालीं आली व तिच्यांत साका होत नाहीं. रत्नाचा पुन्हां हापूसशीं संकर करून १९९२ सालीं सिंधु ही जात निघाली. तिची कोय इतकी पातळ कीं हातांत धरून आश्चर्य वाटतें. या दोन्ही मूळ कोयीतूनच आल्या. आणि निवड झाल्यावर त्यांचा प्रसार मात्र कलमानें झाला. मीलनानें नवें मिळवावें व नकलेनें तें राखावें, असा हा दोघांचा जोडीचा व्यवहार आहे.

आणि इकडे आम्ही काय पाहतों? वाटण्या होतात, वाडा पाडला जातो, परसांतला जुना रायवळ मोटारीच्या वाटेंत येतो आणि एका दिवसांत करवतीखालीं जातो. लोणच्याला हाच हवा म्हणून ज्याच्या कैऱ्या चार घरें मागून नेत, पन्ह्याला ज्याच्याइतका वास दुसऱ्याला नव्हता, तें झाड संपतें. त्याच्या कोयी पेरून तें परत येणार नाहीं, हें आतां वाचकांस सांगावयास नको.

झाड जाणारच असेल तर निदान त्याची काडी राखावी. तीन-चार महिन्यांचा, पेन्सिलीएवढा जाड, टोंकाचा डोळा फुगलेला पण न फुटलेला असा धुमारा निवडावा. आठ-दहा दिवस आधीं त्याचीं पानें देंठ ठेवून कापावीं, म्हणजे डोळा जोर धरतो. मग काडी उतरून ओल्या फडक्यांत गुंडाळावी आणि कोयीतून नुकत्याच वर आलेल्या तांबूस पानांच्या रोपावर, शेंडा छाटून व खांच देऊन, पाचरीसारखी बसवून घट्ट बांधावी. यालाच कोय कलम म्हणतात. आषाढ-श्रावणांतील दमट हवा त्यास उत्तम मानवते. कोयी ताज्या असाव्या; आंब्याची कोय वाळली कीं थोड्याच आठवड्यांत मरते. खाल्लेल्या आंब्याच्या कोयी धुवून सावलींत ठेवाव्या आणि दोन-चार दिवसांत वाफ्यांत पुराव्या. दहांपैकीं पांच-सहा कलमें लागलीं तरी चार भावांच्या चार नव्या अंगणांना एकेक पुरेल.